सुनेच्या हातचं

माझ्या मैत्रिणीच्या लग्नात रुखवताभोवती बायकांची एवढी गर्दी झाली की नवरदेव मांडवात आला तरी अर्ध्याजणी तिथून हलेनात. लाडू, करंज्या, साखरेचं तुळशीवृंदावन वगैरे सगळं होतंच, पण बायका पाहत होत्या ती पलंगावरची चादर. तिच्या एकाच कोपऱ्यात फुटलेली कापसाची बोंडं होती, तिथून एक वेल तिरपी वर चढत होती आणि अर्ध्यातच थांबत होती. बाकी सगळी चादर कोरी. त्या काळी चादर म्हटली की चार कोपऱ्यांत चार गुलाब आणि मधोमध मोरांची जोडी, यापलीकडे कुणाची धाव जात नसे. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं चादरीवरून हात फिरवला, नवरीची हनुवटी धरली आणि म्हणाली, "माय वं, काय हात आहे तुया!" नवरीनं मान खाली घातली. मी बाजूलाच हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होते.

ती चादर मी काढली होती. भरली तिच्या आईनं, मोठ्या बहिणीनं आणि थोडीफार तिनं; पण रेघ माझी होती. रुखवताची रीतच अशी की तिथं मांडलेलं सगळं 'वधूच्या हातचं' म्हणायचं. अर्धंअधिक मावश्यांनी, आत्यांनी, शेजारणींनी केलेलं असतं हे बघणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, कारण तिच्याही लग्नात तेच झालेलं असतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मला त्याचं काही वाटतही नव्हतं. लग्न उरकलं की गोष्ट संपली, एवढंच मी धरून चालले होते.

आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं, दुष्काळ नुकताच मागे पडलेला. बाबा सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कापसाच्या गाड्यांच्या वजनावर होते आणि आई घरी बायकांची पोलकी शिवायची. मी मॅट्रिक झाले आणि घरात बसले. चित्रकलेच्या शिक्षणासाठी नागपूरला पाठवा असं मी एकदाच म्हणून पाहिलं. बाबा जेवत होते, त्यांनी घास खाली ठेवला. "चित्रं काढाले पोरीले नागपूरले पाठवू? लोक काय म्हनतीन?" लोक काय म्हणाले असते ते कळायचा योग काही आला नाही.

मग मी मिळेल त्यावर काढत बसले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, साखरेच्या पुड्याच्या कागदावर, आईच्या कापडाच्या चिंध्यांवर खडूनं. मला रेघेच्या आधी रिकामी जागा दिसायची. वेचणी झालेल्या शेतात एखादंच बोंड राहून जातं, ते सगळ्या शेताचं लक्ष कसं ओढून घेतं ते मी बघत बसायची. घरचे म्हणायचे, पोरगी तंद्रीत असते. बाजाराच्या दिवशी मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायका यायच्या, तर मी भाजी घ्यायची सोडून त्यांच्या ओढण्यांमागे हिंडायची. एकीनं मला असं टक लावून बघताना पकडलं. मला वाटलं आता शिव्या घालणार. तिनं ओढणीची उलटी बाजू माझ्यापुढे धरली, टाके कसे धावलेत ते दिसावं म्हणून. तिच्या अंगावरचं काम तिचंच आहे हे तिला कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. त्या बाईचा मला फार हेवा वाटला, आणि तेव्हा तो का वाटला हे मला नीटसं कळलंही नव्हतं.

मैत्रीण दिली ती गावातल्याच एका जैन व्यापारी घरात. तिचं माहेर आमच्या भिंतीला भिंत लागून; तेही जैनच, पण बोलणं-चालणं आमच्यासारखंच वऱ्हाडी. सासरचं कापडाचं मोठं दुकान होतं आणि सगळा कारभार तिच्या चुलतसासऱ्यांच्या हाती होता. त्यांना सगळे शेटजीच म्हणायचे. भरतकामासाठी छापलेलं कापड विकायचं त्यांनी नवीनच सुरू केलं होतं. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं टोचायची, तो कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात आणि कापड भरायला तयार होतं. त्या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. शेटजींकडे खाके होते ते सगळे जुने, गुलाब-मोर-राजहंसाचे, आणि गिऱ्हाईक त्याला कंटाळलं होतं. रुखवतातली चादर पाहून शेटजींनी नव्या सुनेला सगळ्यांदेखत विचारलं, "हे डिझाईन तू काढलं?"

आता ती काय म्हणणार होती? अंगावरची हळदही उतरली नव्हती. सासू शेजारी उभी. ती हो म्हणाली. "वा! मंग घरचीच डिझाईनवाली भेटली की आपल्याले," असं म्हणून शेटजींनी तिच्या हाती कोऱ्या कागदाचा गठ्ठा दिला.

तो गठ्ठा चार दिवसांत तिच्या आईच्या पिशवीतून माझ्याकडे आला. काकूंनी आमचं दार लोटून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले. "बाई, एवढ्या बारीनं काढून दे. तिची इज्जत राह्यली पाह्यजे." मी काढून दिलं. मग दुसरा गठ्ठा आला, तिसरा आला. पळसाची फुलं काढली, तुरीच्या शेंगा काढल्या, टिटवीची पावलं काढली. ते कापड अनसिंगच्या बाजारात, पार कामरगावच्या दुकानांत गेलं आणि हातोहात उठलं. रस्त्यानं जाताना एखाद्या ओट्यावर बसलेली बाई माझी वेल भरताना दिसायची. थांबावं, सांगावं असं वाटायचं. पण सांगणार काय, ती म्हणाली असती, हे तर शेटजींच्या सुनेचं आहे.

त्याच सुमारास बाबांनी माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. मानोऱ्याकडचं एक घर त्यांच्या मनात भरलं होतं. लग्न नको, चित्रंच काढीन म्हणून मी तीन दिवस धड जेवले नाही, रडले, भांडले, तोंडाला येईल ते बोलले. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "शेटजीनं आपल्या तोंडानं म्हनावं का हे तुयं काम आहे, डिझाईनवाली म्हनून तुले ठेवतो. मंग मी पोराची गोष्ट काढत नाई. तुळशीच्या लग्नापर्यंत पाह्यतो." मी ते शब्द घट्ट धरून ठेवले. शेटजींचं एक वाक्य पाहिजे होतं, बाकी काही नाही.

श्रावणात आईला घेऊन दुकानात गेले. बरोबर नव्या नक्षीचे कागद नेले होते. शेटजींनी ते गादीवर पसरले आणि हसले. "हे तं आमच्या सूनबाईचं डिझाईन आहे."

"मी काढलं, शेटजी."

"काढलं असशीन. तिचं पाहून काढलं."

"पाहून नाई. पह्यलेपासून सगळं मीच काढून देतो. तिच्या रुखवतातली चादर बी माहीच."

आईनं माझा पदर ओढला. शेटजी रागावले नाहीत, ते मुळात रागावणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी पेन्सिल पुढे केली. मी तिथेच बसून काढलं, त्यांनी कधी न पाहिलेलं असं मुद्दाम: करडईची काटेरी पानं, आणि एका कडेला एकच फूल. रेघ कुठे हलली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "हात साफ आहे तुया. पन तऱ्हा सूनबाईचीच आहे ना ही! तिचा गुन लागला तुले." मला ओरडावंसं वाटलं. मी जितकं माझ्यासारखं काढत होते तितकं ते तिचं ठरत होतं.

त्यांनी आतून सुनेला बोलावलं. ती कणकेचे हात तसेच घेऊन आली, डोक्यावरचा पदर सरकलेला. तिच्या मागे दारात सासू येऊन उभी राहिली. "ही पोरगी म्हनते डिझाईनं तिचे आहेत. खरं आहे का?" शेटजींनी विचारलं. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी एका पाटीवर गिरवलेल्या, एका पानातल्या चिंचा खाल्लेल्या. मला खात्री होती. इतकी खात्री मला नंतर आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

"माह्याजवळच शिकली ती," ती म्हणाली. "लहानपनापासून."

पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले आणि न्हाणीच्या भिंतीशी तिला गाठलं. ती रडत होती. "तुले काय जाते वं? तुले तुयं घर आहे, माय आहे. मले इथं एवढंच आहे. सासूबाई उठता-बसता म्हन्ते, रंगानं काळी, पन गुनाची आहे. गुन गेला तं माह्याजवळ काय राह्यते?"

"आन माह्याजवळ काय राह्यते?"

मला रडू आलं नाही, मला तिचा इतका संताप आला होता की तिच्या डोक्यावरचा तो पदर ओढून फाडावासा वाटला. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की ती खोटं बोलत नाहीये. त्या घरात तिला खरंच दुसरं काही नव्हतं. हे दिसल्यामुळे राग कमी झाला असं मात्र मुळीच नाही.

आम्ही निघालो तेव्हा शेटजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी थांबवलं. "हात साफ आहे, वाया नको जाऊ देऊ. सूनबाई डिझाईन काढन, तू खाके टोचाले येत जाय." आई रस्ताभर समजूत घालत होती, दुकानात पाय तर शिरला, आज टोचणं तर उद्या काढणं. बाबांनी ऐकलं आणि नाक मुरडलं. "टोचनं म्हंजे काई चित्र नोहे." पण मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत होती, ती त्यांनी मोडली नाही.

दुकानाच्या मागे एक खोली होती. खिडकीशी बसायचं, खाली घोंगडीची जाड घडी, वर कागद, हातात लाकडी मूठ बसवलेली सुई. भोकं दूर पडली तर रेघ तुटते, जवळ पडली तर कागद फाटतो. मान अवघडायची, डोळ्यांना धार लागायची. काकू पुन्हा कोरे कागद घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता तिलाच काढू द्या. त्या पुष्कळ गयावया करून गेल्या. मी बधले नाही.

मग मैत्रिणीनं स्वतः काढलेली नक्षी टोचायला माझ्यापुढे येऊ लागली. वेल म्हणावी तर चिंधी लोंबावी तशी, पानं एकाला एक न जुळणारी, फूल कुठे आणि देठ कुठे. पहिला कागद समोर आला तेव्हा मी मनातून खूश झाले, खोटं कशाला सांगू. आता कळेल सगळ्यांना, म्हटलं. पण सुई हातात घेतली आणि माझ्यानं राहवेना. वाकड्या रेघेवर भोक पाडायला हात तयारच होईना. रेघ डावीकडे घसरली होती तिथे सुई आपसूक उजवीकडे पडली. पानाचं टोक बसकं होतं ते मी सुईनंच वर ओढलं. कापडावर ठिपके उतरले ते माझ्या भोकांचे, आणि वेल उभी राहिली.

शेटजी म्हणाले, "सूनबाईचा हात बसत चालला."

रोज हेच. ती वाकडं काढायची, मी टोचताना सरळ करायची, आणि शाबासकी आतल्या घरात जायची. पुढे पुढे मी तिच्या रेघेकडे पाहायचीही बंद झाले. मला एकच आशा होती. त्या कागदावर पेन्सिलीची रेघ आणि माझी भोकं दोन्ही असायची. कुणीही तो कागद खिडकीशी उजेडात धरला असता तर रेघ एकीकडे आणि भोकं भलतीकडे हे त्याला लख्ख दिसलं असतं. शेटजी येताना दिसले की मी तो वर, त्यांच्या हाताशी येईल असा ठेवायची. ते यायचे, कागद उचलायचे, गुंडाळायचे आणि छापायला घेऊन जायचे.

एकदा मैत्रीणच आली. तिनं कागद उचलला आणि उजेडात धरला. रेघेवरून बोट नेलं, मग भोकांवरून. तिनं कागद होता तसा ठेवला. "डोये दुखत असतीन तुये," एवढं म्हणाली आणि पदर सावरून आत गेली. त्या दिवशी मी घरी गेले ती ओट्यावरच बसून राहिले. आईनं जेवायला बोलावलं तर उठवेना. काय करायचं राहिलं आहे हेच मला समजत नव्हतं. सांगून झालं, काढून दाखवून झालं, आणि जिच्या एका शब्दानं काम झालं असतं तिनं डोळ्यांनी पाहूनही काही केलं नाही.

दिवाळीनंतर लग्नसराई म्हणून शेटजींनी चादरींचा मोठा लॉट छापायला काढला. नक्षी कापसाच्या बोंडांचीच पाहिजे होती, गिऱ्हाईक तीच मागत होतं. मैत्रिणीनं काढून पाठवलेलं बोंड मी पाहिलं. ते बोंड नव्हतंच. मोड आलेला कांदा दिसत होता. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मानोऱ्याकडच्यांचा निरोप घरी येऊन पडला होता. मी सुई घेतली आणि जशी रेघ होती तसं टोचलं. केसभरही इकडेतिकडे नाही. त्या कागदावर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी माझ्या स्वतःच्या नक्षीवरही कधी घेतली नव्हती, कारण हात प्रत्येक भोकाला सरळ जायला पाहत होता आणि मी त्याला वाकड्या वाटेनं ओढत होते. म्हटलं, आता मी मधून बाजूला होते. जे खरं आहे ते आपोआप दिसू दे.

चादरी गेल्या तशा परत आल्या. अनसिंगचा दुकानदार स्वतः गठ्ठा घेऊन आला आणि भर दुकानात त्यानं एक चादर झटकून पसरली. "शेटजी, हे कांदे कायले छापले?" गिऱ्हाईकं हसली. शेटजींनी मला बाहेर बोलावलं, सुनेला बोलावलं. बाबाही जिनातून घरी जाताना मला न्यायला आले होते, ते पायरीवर उभे होते. मला बरं वाटलं ते आल्याचं. त्यांच्या देखतच होऊ दे, म्हटलं.

"हे काय टोचलं?" शेटजी म्हणाले.

"जसं काढलं तसं टोचलं, शेटजी. तो कागद उजिडात धरून पाहा. रेघ आन भोकं येकच आहेत."

त्यांनी खाका मागवला. दाराशी गेले, दोन्ही हातांनी उंच धरला. रेघ आणि भोकं एकावर एक, तंतोतंत. मैत्रीण भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. शेटजींनी कागद खाली घेतला, हळूच गुंडाळला आणि माझ्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"आधी तं टोचताना सरळ करत होती. आता काहून नाई केलं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. कधीतरी, बहुधा पहिल्याच आठवड्यात, त्यांनी कागद उजेडात धरला होता आणि रेघ कुणाची, हात कुणाचा, हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी डोळे फोडून घेत होते ती त्यांना कळायची राहिलीच नव्हती. ती कळून काही फरक पडला नव्हता, एवढंच.

"सुनेनं काढलं ते थोडं इकडंतिकडं होनारच," ते म्हणत होते. "तिले घर आहे, सैपाक आहे. टोचनारीनं समजून घ्यावं लागते. लॉटचा लॉट वाया घातला तू." आणि अनसिंगच्या माणसाला म्हणाले, "टोचनाऱ्या पोरीचा हात बिघडला. दुसरी पाह्यतो." मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आत निघून गेली होती.

बाबा रस्त्यानं पुढे पुढे चालत होते. मी चालता चालता म्हणाले, "बाबा, तुमी आयकलं ना? त्याहिले माहीत होतं." त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि त्याच आठवड्यात मानोऱ्याकडची मंडळी आली. मी चहा नेऊन ठेवला आणि खाली मान घालून बसले. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीले काय काय येते?" बाबा घसा खाकरून सांगू लागले. सैपाक येते, म्हणाले. शिवन येते, दळन-कांडन येते, वावरातलं काम पडलं तं तेही करन. मग ते क्षणभर थांबले. मी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी कपातला राहिलेला चहा पिऊन टाकला आणि मुलाच्या बापाला विचारलं, यंदा कापूस कसा आहे तुमच्याकडे.